वाट पाहत आहों

आमच्या घरीं टपाल येण्याचें आतां जवळजवळ बंद झालें आहे. बँकेचा एखादा कागद आणि दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या एका वृद्ध स्नेह्यांचें पोस्टकार्ड, एवढ्यावर आमच्या पोस्टमनला समाधान मानावें लागतें. एके काळीं टपालाची वेळ झाली कीं याच ओटीवर घरांतलीं चारपांच माणसें कांहीं तरी निमित्त काढून उभीं राहत. थोरल्या वहिनींच्या माहेरचें पत्र, बहिणीचें खुशालीचें पत्र, आमच्या शाळेचीं पत्रें. सारीं वाचून झालीं म्हणजे माजघरांतल्या तारेला टोंचलीं जात. ती तार अजून आहे. तिच्यावर हल्लीं गॅसच्या पावत्या असतात.

तेव्हां दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आमच्या घरीं एका दिवसांत सतरा पत्रें आलीं असें सांगितलें, तर वाचकांस नवल वाटेल. तीं सर्व आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीच्या मोबाईलवर आलीं होतीं. बारावीची परीक्षा देऊन ती निकालाची वाट पाहत होती. मुरबाडच्या बाजारपेठेंतल्या आमच्या जुन्या घरांत बिऱ्हाडें तीन आणि चूल एकच असल्यामुळें एकीची परीक्षा ही सर्वांचीच परीक्षा असते, आणि एकीचें पत्र हें सर्वांनीं वाचावयाचें असतें. संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून झाल्यावर तिनें झोपाळ्यावर बसून त्यांतील एक पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें. तें एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश-समुपदेशकाकडून आलेलें होतें. मराठी जरा इंग्रजी वळणाची होती, पण स्वर मोठा गोड होता. "चित्रकला सारख्या क्षेत्रांतील तुझी गति पाहून आम्ही प्रभावित झालों आहों. तुझ्यावांचून आमचा परिसर अपुरा आहे," असें त्यांत होतें.

"अप्पाआजोबा, ह्यांना माझ्या चित्रांचें कसें हो कळलें?" तिनें विचारलें.

"कळेल नाहीं तर काय!" थोरल्या वहिनी आंतून म्हणाल्या. "एवढ्या आपुलकीनें बोलावताहेत, तर एकदां जाऊन तरी यावें."

आमच्या सौ.नीं फी किती पडते, तेवढेंच विचारलें. तो आंकडा पत्रांत नव्हता. पत्राच्या तळाशीं एक निळी ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलें कीं एक फॉर्म उघडे, आणि तो भरल्यावर कोणी तरी फोन करून आंकडा सांगणार होतें.

इतक्यांत तिचा चुलतभाऊ मागून फिदीफिदी हसूं लागला. त्यालाही त्याच विद्यापीठाचें पत्र आलें होतें. हीं दोघें फेब्रुवारींत कल्याणास भरलेल्या एका शिक्षण-मेळाव्यास गेलीं होतीं. तेथें प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता आणि त्यांत 'आवड' म्हणून एक चौकट होती. हिनें तींत 'चित्रकला' असें लिहिलें. आमच्या चिरंजीवांनीं थट्टेनें 'झोप' असें लिहिलें. त्यानें आतां आपलें पत्र नाटकी आवाजांत वाचलें: "झोप सारख्या क्षेत्रांतील तुझी गति पाहून आम्ही प्रभावित झालों आहों."

घरांत असा हंशा पिकला कीं थोरल्या वहिनींना ठसका लागला व पाणी द्यावें लागलें. नात मात्र हसली नाहीं. तिनें मोबाईल पालथा ठेवला आणि ती आंत निघून गेली. सहा वर्षांची असल्यापासून ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चित्रें काढीत आली आहे. घरच्यांनीं वाहवा केली ती केली. बाहेरच्या कोणीं तरी आपलीं चित्रें पाहिलीं आहेत असें तिला आयुष्यांत प्रथमच वाटलें होतें, आणि तें सुमारें चार मिनिटें टिकलें.

या विद्येंतले जाणकार आमच्या घरांतच आहेत. आमचा मधला पुतण्या कल्याणपलीकडच्या एका खासगी महाविद्यालयांत प्रवेश-समुपदेशक म्हणून नोकरीला आहे. पुढच्याच रविवारीं तो आंब्यांसाठीं घरीं आला, तेव्हां आम्हीं त्याला जाब विचारावा तसें विचारलें. त्यानें मोकळेपणानें सर्व सांगितलें. शिक्षण-मेळावे, खासगी शिकवण्या, परीक्षांचे सराव घेणारीं संकेतस्थळें, जेथें जेथें मूल आपलें नांव लिहितें तेथून याद्या गोळा होतात, कांहीं विकतही घेतल्या जातात. पत्र एकच असतें. त्यांत नांव, गांव, आवड यांच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि यंत्र यादींतील एकेक शब्द त्या जागीं बसवीत जातें. पत्रांत डोळ्यांना न दिसणारें टिंबाएवढें एक चित्रही असतें. पत्र उघडलें कीं तें चित्र पाठविणाऱ्याच्या यंत्रावरून मागविलें जातें आणि त्यावरून पत्र केव्हां उघडलें, कितीदां उघडलें, हें तिकडे कळतें. रात्रीं अकरा वाजतां ज्या मुलीनें तेंच पत्र तिसऱ्यांदा उघडलें, तिला दुसऱ्या दिवशीं सकाळीं फोन जातो. (२०२१ पासून अॅपल कंपनीनें आपल्या फोनांत हें टिंब बरेंचसें आंधळें करून टाकलें आहे. पण मुरबाड-शहापुरांत अॅपलचे फोन किती मुलांजवळ असणार?)

"अप्पा, आमच्याकडे मुलाला मूल म्हणत नाहींत," तो आंबा पिळतां पिळतां म्हणाला, "लीड म्हणतात. थंड लीड, कोमट लीड, गरम लीड."

"आणि समुपदेशक म्हणजे?"

"ज्याला महिन्याला किती लीड आणायचे तो आंकडा दिलेला असतो, तो."

ही विद्या मूळची अमेरिकेंतली. तेथें कॉलेज बोर्ड ही संस्था महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षा घेते, आणि १९७२ सालापासून त्या परीक्षांस बसणाऱ्या मुलांचीं नांवें व पत्ते ती महाविद्यालयांस मोल घेऊन पुरवीत आली आहे. २०१९ मध्यें वॉल स्ट्रीट जर्नलनें हा भाव एका नांवास ४७ सेंट असल्याचें छापलें होतें. परीक्षेच्या वेळीं शाळांतून गोळा केलेली मुलांची माहिती अशी दिल्याबद्दल २०२४ मध्यें न्यूयॉर्क राज्याशीं झालेल्या तडजोडींत त्या संस्थेनें साडेसात लाख डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. यंत्राच्या हातून कधीं कधीं याहून मोठी गफलत होते. २००९ च्या मार्चमध्यें सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें प्रवेश मिळालेल्यांचें स्वागताचें पत्र सर्व अर्जदारांस पाठविलें. त्यांत ज्यांस प्रवेश नाकारला होता अशीं सुमारें अठ्ठावीस हजार मुलें होतीं. कांहीं तासांतच क्षमेचें पत्र गेलें म्हणतात. त्या कांहीं तासांत किती घरांत पेढे वांटले गेले असतील, याचा हिशेब कोणापाशीं असणार!

आमच्याकडे सरकारी प्रवेशाची तऱ्हा याच्या उलट आहे. अकरावीचे प्रवेश मुंबईच्या परिसरांत २००९ पासून संगणकावरून होऊं लागले, आणि २०२५ पासून ती पद्धति सबंध राज्याला लागू झाली. अभियांत्रिकी वगैरेंच्या प्रवेशाचें कामही राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून तसेंच होतें. तेथें पत्र येत नाहीं, यादी लागते. यादी कोणाला 'प्रिय' म्हणत नाहीं, कोणाची गति पाहून प्रभावित होत नाहीं. आमच्या नातीचें नांव पुढें अशाच एका यादींत लागलें व ती मुंबईच्या एका कलामहाविद्यालयांत गेली. तेथील पहिल्या पत्रांत तिच्या नांवाऐवजीं अर्जाचा क्रमांक होता. तिला त्याचें कांहीं वाटलें नाहीं.

पण येथपर्यंत दुसऱ्यांचें सांगितलें. आतां आमचें सांगावयाचें आहे.

त्या रविवारीं जेवणें झाल्यावर पुतण्या म्हणाला, "अप्पा, नांवें ठेवतां तर तुम्हींच एक पत्र लिहून द्या ना. आमच्या पत्रांचें मराठी वाचवत नाहीं. यंदा मुरबाड आणि शहापूर ह्या दोन तालुक्यांतलीं मुलें आम्हांला हवीं आहेत. तुम्हांला हीं मुलें ठाऊक आहेत."

आम्हीं एकतीस वर्षें तालुक्यांतील एका माध्यमिक शाळेंत मराठी शिकविलें. निवृत्त शिक्षकास 'तुमचें मराठी चांगलें' असें म्हणणें म्हणजे कुलूप किल्लीनें उघडणेंच होय. शिवाय मुलें मिळविण्याचें हें काम आम्हांस नवें नव्हतें. खासगी अनुदानित शाळेंतल्या शिक्षकाची नोकरी पटावर अवलंबून असते हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दर वर्षीं संचमान्यता होते. पटावर मुलें कमी भरलीं तर पद जातें, आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरून कोठें तरी दूरच्या शाळेंत पाठविला जातो. म्हणून मेच्या अखेरीस आम्ही शिक्षक वाडीवस्तीवर निघत असूं. टोकावडें, धसई, म्हसें, सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवाड्या. एस्टी जाई तेथवर एस्टीनें आणि पुढें पायीं. कातकऱ्यांचीं कुटुंबें दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर गेलेलीं असत, तीं पावसाच्या तोंडावर परतत. तीं परतलेलीं कोणत्या दिवशीं गांठावींत हें आम्हांस त्यांच्या नातलगांइतकें ठाऊक असे. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेंत बैलबाजारांत उभे राहूनही आम्हीं पालकांशीं बोलणीं केलीं आहेत.

त्यांत आमचा स्वार्थ होता, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु अंगणांत उभ्या असलेल्या माणसास प्रश्न विचारतां येतो. "मास्तर, वह्या कोन देनार?" "पोरीला रातचं कोन सोडनार?" "शाळंत संडास हाय का?" या शेवटच्या प्रश्नास कांहीं वर्षें आम्हांस 'नाहीं' असें सांगावें लागलें, आणि त्या घरची मुलगी आली नाहीं. आमच्याच ठाणें जिल्ह्यांत, बोर्डीस, १९४५ मध्यें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें तें कोसबाडला नेलें. (हीं दोन्हीं गांवें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलीं.) गुरांमागें जाणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणावर नेली. आमची पायपीट त्या मानानें कांहींच नव्हे. पण पायपीट करणाऱ्यास निदान एवढें कळे कीं जून-जुलैंत लावणीच्या दिवसांत वाडींतलें एकही हाताशीं आलेलें मूल घराबाहेर पडत नाहीं.

हें सर्व ठाऊक असलेल्या आम्हीं जें पत्र लिहिलें, तें असें होतें:

"तूं बारावीपर्यंत आलीस, यांत तुझ्या घरच्यांचे किती कष्ट आहेत हें आम्ही जाणतों. महाविद्यालय लांब आहे. एकटीनें यावयाचें तर मनांत धाकधूक असणारच. कांहीं अडचण असेल तर संकोच न करतां कळीव. तुला जमेल तेव्हां ये. आम्ही तुझी वाट पाहत आहों."

मुलांसाठीं क्रियापदें तेवढीं बदलून दिलीं. पुतण्या वाचून कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अप्पा, हें चालणार." अकराशें मुलांमुलींस तें पत्र गेलें. खालीं सही पुतण्याची, नांव-आडनांवासह. प्रवेशाची शेवटची तारीख निळ्या ओळीच्या आड. आठ दिवसांनीं त्याचा फोन आला, कीं पत्र उघडणारांचें प्रमाण दुप्पट झालें आहे आणि वरिष्ठांनीं विचारलें, हें कोणीं लिहिलें? आम्हीं तो फोन सर्वांना ऐकूं जाईल असा करून पुन्हां एकदां सांगावयास लाविलें. आमच्या सौ.नीं त्या दिवशीं शिरा केला.

श्रावणांतल्या एका सकाळीं पाऊस असा कोसळत होता कीं पागोळ्यांपलीकडचा रस्ता दिसत नव्हता. ओटीवर एक गृहस्थ आणि एक मुलगी येऊन उभीं राहिलीं. गृहस्थांच्या डोक्यावरून पाठीवर प्लॅस्टिकची खोळ होती. मुलगी ओली झाली होती, पण तिच्या हातांतली पिशवी कोरडी होती. तिनें तींतून चौघडी केलेला एक कागद काढला.

"सायेब हायेत का?" गृहस्थ म्हणाले.

"कोण साहेब?"

"ह्ये. वाट बगतो म्हून लिवलंय."

कागदावर आमचें पत्र होतें. तें कागदावर कसें आलें, याची हकीकत नंतर कळली. वाडींतल्या मुलांचे परीक्षेचे व दाखल्यांचे फॉर्म एस्टी स्टँडाजवळचा एक संगणकवाला भरून देतो. मुलांना ईमेलचा पत्ता नसतो, म्हणून तो आपलाच पत्ता घालतो. आमचें 'तूं' म्हणून लिहिलेलें खासगी पत्र अशा रीतीनें त्याच्या एकट्याच्या पेटींत चाळीसांवर वेळां येऊन पडलें होतें. माणूस भला. त्याला तें पत्र मनापासून लिहिल्यासारखें वाटलें, म्हणून जीं जीं मुलें दुकानीं आलीं त्यांना त्यानें तें छापून दिलें, पानाचे पैसे न घेतां. सहीचें आडनांव पाहून, हें घर बाजारपेठेंत आहे, असेंही त्यानेंच सांगितलें होतें.

मुलगी पुस्तकी मराठींत बोलत होती. "सर, लावणी संपली. म्हणून आज आलें. मी उत्तर पाठवलें होतें."

"काय उत्तर पाठविलेंस?"

"आमची लावणी आहे, लावणी झाल्यावर आलें तर चालेल का, असें विचारलें होतें. दुकानांतून पाठवलें."

"मग तिकडून काय आलें?"

"कांहीं नाहीं आलें. नाहीं म्हणाले नाहींत, म्हणजे चालत असेल, असें वाटलें."

आम्हीं त्यांना आंत बसवून पुतण्याला फोन लाविला. प्रवेशाची मुदत संपून तीन आठवडे होऊन गेले होते. जागा भरल्या होत्या, आणि मुदतीनंतरच्या प्रवेशाला आदिवासी मुलांची शिष्यवृत्ति लागूं करून घेणें दुरापास्त. तिच्या उत्तराचें काय झालें, असें आम्हीं विचारलें.

"तो पत्ता पाठवण्यापुरताच असतो, अप्पा."

"म्हणजे त्यावर आलेलें उत्तर कोणाकडे जातें?"

बराच वेळ तो बोलला नाहीं. "कुणाकडेच जात नाहीं," तो म्हणाला.

आम्हीं कोट चढविला, छत्री घेतली आणि त्या दोघांसह तालुक्यांतल्याच एका महाविद्यालयांत गेलों. तेथले प्राचार्य आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं उभ्यानें स्वागत केलें, दोन ठिकाणीं फोन केले, आणि शेवटीं मुदत आपल्या हातीं नाहीं असें फार वाईट तोंडानें सांगितलें. त्या मुलीचें तें वर्ष गेलें. 'तुला जमेल तेव्हां ये' ही ओळ लिहितांना आमच्या मनांत तिची वाडी नव्हती, लावणी नव्हती. ओळ कानाला बरी लागते एवढेंच होतें. व्याकरणाच्या चुकीबद्दल आम्हीं मुलांना वर्षानुवर्षें हातावर छड्या दिल्या आहेत. या चुकीला व्याकरणांत नांव नाहीं.

परत ओटीवर आल्यावर तिनें विचारलें, "सर, हें पत्र कोणीं लिहिलें? सही केली त्यांनींच ना?"

खोटें बोलणें सोपें होतें. आम्हीं सांगितलें, "मीं लिहिलें."

तिनें एकदां पत्राकडे, एकदां आमच्याकडे पाहिलें. "मला वाटलें होतें, तुम्हांला आमची वाडी ठाऊक आहे," ती म्हणाली.

आमच्या नातीनें वैशाखांत विचारलें होतें तें हेंच. आणि गंमत अशी, कीं तिची वाडी आम्हांस खरोखरीच ठाऊक होती. वीस वर्षांपूर्वीं मेच्या उन्हांत आम्ही त्या वाडीवर पायीं गेलेले होतों. तिच्या वडिलांना तें आठवत होतें, आम्हांस त्यांचा चेहरा आठवत नव्हता. त्यांनीं रागाचा एक शब्द काढला नाहीं. चहा घेतला, खोळ डोक्यावर ओढली आणि म्हणाले, "मंग पुढल्या टायमाला कवा येयाचं, त्ये लिवून द्या." आम्हीं त्याच पत्राच्या पाठीवर हातानें लिहून दिलें: निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशीं, सकाळीं, आमच्या घरीं. खालीं आमच्या फोनचा नंबर.

त्या रात्रीं पुतण्या मुद्दाम घरीं आला. वहिनींनीं त्याला वाढलें, पण कोणी त्याच्याशीं बोललें नाहीं; तो बिचारा पानाकडे पाहून जेवला. खरें म्हणजे त्याच्यावर राग धरण्याचा आम्हांस कांहीं अधिकार नव्हता. त्यानें रिकामी जागा ठेवली होती, ती भरण्याची हौस आमची. मग आम्ही दोघे ओटीवर उशिरापर्यंत बसलों. यंत्रच वाईट, असें आम्ही म्हणालों. तें त्यानें मान्य केलें नाहीं, आणि त्यानें सांगितलेली एक गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटली. अमेरिकेंत अटलांटा येथें जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. तेथें प्रवेश मिळालेलीं पुष्कळ गरिबांचीं मुलें उन्हाळ्याच्या सुट्टींत कागदपत्रांना आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मांना घाबरून गळतात, पहिल्या दिवशीं येतच नाहींत. २०१६ च्या उन्हाळ्यांत त्या विद्यापीठानें मुलांच्या फोनवर उत्तरें देणारें एक यंत्र ठेवलें. मुलें मध्यरात्रींही प्रश्न विचारीत. यंत्रास न येणारा प्रश्न माणसाकडे जाई. त्या एका उन्हाळ्यांत दोन लाखांहून अधिक उत्तरें दिलीं गेलीं, आणि गळती सुमारें एकपंचमांशानें कमी झाली. म्हणजे तेथें यंत्र लावलें होतें तें ऐकण्याकडे. आमच्याकडे तें नुसतें बोलण्याकडे लावलेलें. पत्र हातानें लिहिलें कीं यंत्रानें, स्वार्थानें लिहिलें कीं परमार्थानें, यापेक्षां त्याचें उत्तर कोणाच्या हातीं पडतें हें पाहावें, असें आम्हांस त्या रात्रीपासून वाटूं लागलें आहे.

कायद्याकडून किती अपेक्षा करावी हा प्रश्नच आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्यें झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं आईवडिलांची पडताळून पाहिलेली संमति घ्यावी आणि मुलांचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती करूं नयेत, असें तो सांगतो. बारावीचीं बहुतेक मुलें या वयाच्या आंतलीं असतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, पण मुख्य बंधनांस त्यापुढें अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. ज्या घरांत मुलीचा ईमेल म्हणजे एस्टी स्टँडावरच्या दुकानदाराचा ईमेल, तेथें आईवडिलांची संमति कोण कोणाकडून घेणार, हें नियमांत आम्हांस कोठें दिसलें नाहीं.

आमचें पत्र दुसऱ्या वर्षींही गेलें. 'तुला जमेल तेव्हां ये' ही ओळ काढावयास आम्हीं पुतण्याला सांगितलें होतें. त्यानें वरिष्ठांना सांगितलें. वरिष्ठ म्हणाले, त्याच ओळीला तर लोक भुलतात. त्या दोन वाक्यांवर आमचा हक्क नाहीं, कारण तीं आम्हीं शिऱ्याच्या मोबदल्यांत देऊन टाकलीं आहेत. ती मुलगी मात्र ठरल्याप्रमाणें निकालाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसातलाच हजर झाली. वर्ष रिकामें गेलें तरी तिनें निकाल स्वतःचा मानला नव्हता, वाडींतल्या धाकट्या दोघींचा मानला होता. त्या दोघींनाही घेऊन आली. तिघींचे अर्ज मुदतींत गेले. ती आतां तालुक्याच्याच महाविद्यालयांत आहे आणि यंदा दुसऱ्या वर्षांत गेली.

यंदाच्या वैशाखांत पुतण्यानें पुन्हां पत्र मागितलें. आम्हीं अट घातली, कीं पत्रांत शेवटची तारीख पहिल्या ओळींत, फी दुसऱ्या ओळींत, शिष्यवृत्तीला लागणारे दाखले तिसऱ्या ओळींत, आणि उत्तर यावयाचें तें आमच्या फोनवर. वरिष्ठांना तें पत्र कोरडें वाटलें. शेवटीं तें फक्त आमच्या दोन तालुक्यांपुरतें जाऊं देण्यास ते कबूल झाले. उघडणारांचें प्रमाण निम्म्यावर आलें आहे. फोन मात्र येतात. जातीचा दाखला हरवला तर काय, वसतिगृहांत उपासाचें मिळतें का, वडील सही करीत नाहींत तर आईची चालते का. एका मुलानें नुसतेंच, "सर, तुम्ही खरे आहांत का?" असें विचारून फोन ठेवला. कांहींचीं उत्तरें आम्हांस येत नाहींत. तीं वहींत टिपून ठेवतों आणि पुतण्याला रात्रीं विचारतों. वहिनी कुरकुरतात, कीं दोन घांस सुखानें खाऊं देत नाहींत.

काल दुपारीं पहिला भात कालवला होता, तेवढ्यांत फोन वाजला. शहापूरकडची मुलगी होती. एस्टीचा पास कोठें मिळतो आणि त्याला फोटो किती लागतात, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. आम्हीं डाव्या हातानें फोन धरून तिला सांगितलें. ती म्हणाली, "थांबा हं सर, पेन आणतें." आम्ही थांबलों.